सुरकुत्यांचे इंजेक्शन आणि फ्रिजचा पारा

जालना म्हटले की बियाणे आठवते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये 'महिको'ची स्थापना केली आणि संकरित बियाण्यांमुळे या शहराला देशभर ओळख मिळाली. बियाण्याची पिशवी उन्हात पडून राहिली, तर दाणा वरून टपोरा दिसतो, पण उगवण घटते, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चेहऱ्यावरील सुरकुत्या कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या, म्हणजे बोलीभाषेतील 'बोटॉक्स'च्या इंजेक्शनचेही काहीसे असेच आहे. कुपी स्वच्छ दिसते, मुदतही शिल्लक असते. मात्र साठवणुकीत हयगय झाली असेल, तर औषधाचा गुण ओसरलेला असू शकतो.

विषाचे औषध

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूपासून मिळणारे हे प्रथिन मुळात अत्यंत जहाल विष आहे. अतिसूक्ष्म मात्रेत ते स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश काही काळ थांबतो. स्नायू सैलावतो आणि त्यावरची त्वचा सपाट दिसू लागते. हा परिणाम साधारणतः तीन ते चार महिने टिकतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा वापर रूढ केला. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी, तर २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या ताठरलेल्या स्नायूंसाठीही ते वापरले जाते. त्यामुळे साठवणुकीचा प्रश्न केवळ सौंदर्यापुरता उरत नाही.

गुण का घटतो?

प्रथिनाचे सारे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. या प्रथिनाचे दोन भाग असतात. मोठा भाग मज्जातंतूला चिकटतो, तर लहान भाग आत शिरून संदेशवहनास आवश्यक असलेले एक प्रथिन तोडतो. उष्णतेने घडी विस्कटली की हे काम थांबते. उकडलेल्या अंड्यातील पांढरा भाग पुन्हा प्रवाही होत नाही, तसेच विस्कटलेले हे प्रथिन फ्रिजमध्ये परत ठेवल्याने पूर्ववत होत नाही.

शिवाय मात्रा विलक्षण अल्प असते. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत विषद्रव्य जेमतेम ५ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस कोटीवा भाग असते. ते काचेलाच चिकटून वाया जाऊ नये म्हणून सोबत अल्ब्युमिन मिसळलेले असते. बहुतेक कुपींवर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाची सूचना असते. 'झिओमिन'सारख्या उत्पादनाची न उघडलेली कुपी मात्र २५ अंशांपर्यंतच्या तापमानातही ठेवता येते. प्रत्येक उत्पादनाचा नियम वेगळा असल्याने लेबल वाचणे अनिवार्य ठरते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या जालन्याच्या पाऱ्यासाठी यांपैकी कोणतीही कुपी बनलेली नाही.

कोरडी भुकटी, विरघळलेले औषध

कोरडे बियाणे टिकते. ओल लागली की मात्र त्याची घटका भरू लागते. येथेही तसेच होते. कोरड्या भुकटीत सलाइन मिसळताच औषध नाजूक बनते. बोटॉक्सच्या लेबलनुसार तयार द्रावण २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांत वापरावे लागते. ते गोठवता येत नाही.

संशोधकांत मात्र याविषयी एकमत नाही. १९९३ च्या एका प्रयोगशालेय अभ्यासात विरघळलेल्या औषधाची शक्ती १२ तासांतच लक्षणीय घटल्याचे आढळले. उलट, २००३ मध्ये ब्राझीलमधील डोरिस हेक्सेल व सहकाऱ्यांनी ८८ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत सहा आठवड्यांपूर्वी तयार करून थंड ठेवलेले द्रावणही परिणामकारक ठरले. परंतु ते द्रावण नियंत्रित तापमानात ठेवलेले होते, हे विसरता येत नाही. शिवाय एकच कुपी अनेक दिवस पुनःपुन्हा टोचली गेल्यास जंतुसंसर्गाचा धोका उरतोच.

कुपीवर खूण नाही

पोलिओच्या लसकुपीवर एक चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होतो आणि आरोग्यसेविकेला लस वापरावी की टाकावी, हे कळते. लशींसाठी वीज गेल्यावरही बराच काळ थंड राहणारे खास शीतकपाट असते. सौंदर्योपचाराच्या कुपीवर सहसा अशी रंगखूण नसते. लहान दवाखान्यात ती घरगुती फ्रिजमध्ये ठेवली जाते. अशा फ्रिजच्या दारातील तापमान प्रत्येक उघडझापीबरोबर बदलते. वीज तासन्‌तास खंडित झाली, तर आतला पारा किती चढला, हे तापमापक व नोंदवहीखेरीज समजत नाही.

क्षीण झालेले औषध अधिक विषारी होत नाही. ते निष्प्रभ होते. नुकसान होते ते पैशांचे आणि उपचाराचे. परिणाम दिसला नाही म्हणून थोड्याच दिवसांत पुन्हा इंजेक्शन घेतल्यास शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता वाढते आणि पुढे चांगले औषधही लागू पडेनासे होऊ शकते. अर्थात परिणाम कमी दिसण्याची इतरही कारणे असतात. सलाइन अधिक मिसळले जाणे, मात्रा अपुरी असणे, जागा चुकणे किंवा एका उत्पादनाची युनिट दुसऱ्याच्या बरोबरीची समजणे, हीही कारणे असू शकतात.

काय विचारावे?

इंजेक्शन घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. कुपी आपल्यासमोर उघडली जाईल का? तिच्यावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक व मुदत आहे का? ती कोठून आणि कशी आणली? फ्रिजच्या तापमानाची रोज नोंद होते का? द्रावण कधी तयार केले? बॅच क्रमांकासह बिल घेऊन जपून ठेवावे. डॉक्टरांसाठीही एक सोपी खूण आहे. बोटॉक्सच्या कुपीत निर्वात पोकळी असते. सुई टोचताच सलाइन आपोआप आत ओढले गेले नाही, तर ती कुपी वापरू नये.

बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या इंजेक्शनबाबत तर विशेष सावध राहायला हवे. फ्लोरिडात २००४ मध्ये परवाना नसलेले विष टोचल्याने चार जणांना पक्षाघातासारखा गंभीर आजार झाला होता. कुपीबाबत शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून घेता येते. टोचलेले इंजेक्शन मात्र परत काढता येत नाही. म्हणूनच चौकशी सुईच्या आधी व्हायला हवी.