माथेरानची गाडी : खेळणे नव्हे, वाट!

कर्जतकडे जाणारी लोकल नेरळला थांबली, की मुलांची नजर हमखास एका बुटक्या गाडीकडे वळते. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट आणि चाल तर धावत्या माणसानेही गाठावी अशी! पर्यटक तिला कौतुकाने 'मिनी ट्रेन' म्हणतात. माथेरानकरांना मात्र ती खेळणे वाटत नाही. ती त्यांची वाट आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान प्रसिद्धीस आले. त्यानंतर अर्धशतकभर नेरळहून वर जायचे तर घोडा, पालखी नाहीतर पायपीट! ही अडचण मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पदरचा पैसा घालून दूर केली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. दात्यांचे रूळ नसल्याने चढ सौम्य ठेवणे भाग होते. तरीही काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट चढ आहेच. म्हणून डोंगराला वळसे घालत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानके घेत गाडी सुमारे २१ किलोमीटरचा प्रवास करते.

माथेरानात पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडली, की पुढे सुमारे अडीच किलोमीटरची लाल मातीची वाट लागते. तरुणांना ती मौजेची वाटते. पण गुडघे दुखणाऱ्या आजींचे काय? कडेवर मूल आणि हातात पिशव्या असलेल्या आईचे काय? अमन लॉज ते माथेरान धावणारी शटल गाडी अशांचाच आधार आहे.

या आधारावर पावसाची सतत टांगती तलवार असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने सेवा थांबली. २०१९ च्या पावसाने रूळ पुन्हा उखडले आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. एरवीही पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज टप्पा बंदच ठेवावा लागतो.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या पहाडी रेल्वेंना जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरान अजून संभाव्य यादीतच आहे. मान मिळेल तेव्हा मिळो. त्याआधी दरडींपासून रूळ जपायला हवेत. मोटारींना दूर ठेवणाऱ्या गावाची गाडी बंद पडली, तर त्याची किंमत आधी पायांना मोजावी लागते.