सांदवाडीचे देणे

नागपूरकडच्या माणसाला सांदवाडी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. इतरत्र तिला परसू म्हणतात, परसदार म्हणतात. घराच्या मागे, मोरीचे पाणी जाते त्या बाजूला उरलेली दहा-पंधरा फूट जागा. तिथे भांडी घासायची, कपडे वाळवायचे, उन्हाळ्यात खाट टाकायची. आणि कुणी लावो न लावो, तिथे काहीतरी उगवतेच. आपल्या वस्त्यांतून ही जागा झपाट्याने नाहीशी होत आहे. कुणी फरशी बसवतो, कुणी सिमेंट ओततो, कुणी खोली काढून भाड्याने देतो. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मुले मोठी झाली की एका खोलीत संसार कसा होतो, ते आपण सगळेच जाणतो. पण ती जागा बुजवण्यापूर्वी आपण तिचे काय देणे लागतो, याचा हिशेब तरी मांडावा. मी कारकून माणूस, हिशेबावाचून मला काही सुचत नाही.

तरोटा आठवतो का? पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत कुंपणाच्या कडेने उगवतो. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो उरतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मृगाच्या सुमारास घरातले धान्य संपलेले असायचे, मजुरीचा पत्ता नसायचा, आणि सावकाराच्या दारात किती वेळा उभे राहायचे? त्या दिवसांत तरोट्याच्या कोवळ्या पाल्याने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. जमीन नव्हती, विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, पण हा पाला कुणाच्या मालकीचा नव्हता. आज आपलीच नातवंडे त्याला गवत म्हणून उपटून टाकतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? आपण त्यांना कधी सांगितलेच नाही.

कृतज्ञता हा शब्द आपल्याला नवा नाही. महामंगल सुत्तात जी मंगले सांगितली आहेत, त्यांत कतञ्ञुता आहे. बोधगयेला अनिमेष लोचन चैत्याची जागा दाखवतात. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत तिथे सात दिवस बोधिवृक्षाकडे पापणी न लववता पाहत राहिले, अशी परंपरा आहे. ज्या झाडाने सावली दिली त्याच्याकडे बघणे, एवढेच. नारळ नाही, अगरबत्ती नाही, नवस नाही. (जाता जाता एक सांगतो. श्रद्धेपोटी काही लोक पिंपळ सांदवाडीतच लावतात. कृपया तसे करू नका. त्याची मुळे भिंत फोडतात. विहाराच्या मोकळ्या जागेत लावा, तिथे तो शंभर वर्षे शोभेल.)

आता मुनग्याकडे वळू. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला शेवगा म्हणतात. हे झाड दारात असू नये, घरात दारिद्र्य येते, असे म्हणणारे लोक आपल्यातही भेटतात. मुनग्याचे लाकूड ठिसूळ असते, पोर फांदीवर चढले की पडते. बहुधा त्यातूनच कुणीतरी अपशकुन काढला असावा. उलट दारिद्र्यात साथ देणारे याच्यासारखे दुसरे झाड नाही. शेंगा तर आहेतच, पण पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, अ जीवनसत्त्व आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. यात आपल्या आया-बहिणी नसतील असे कोण म्हणेल? पाल्याची भाजी वरणात घाला, वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या असतील तर त्या मात्र बंद करू नका.

पावसाळ्यात मुनग्यावर केसाळ अळ्या येतात, हे खरे. त्या अंगाला लागल्या की खाज सुटते. म्हणून लोक झाडच तोडतात. शेंगांचा हंगाम संपल्यावर फांद्या छाटून झाड ठेंगणे ठेवले तर अळ्या हाताला येतात, काठीने साबणाच्या पाण्यात पाडता येतात. डासांचेही तसेच. माती आहे म्हणून डास होतात ही समजूत चुकीची आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे तो सापडतो कूलरमध्ये, ड्रममध्ये, छतावरच्या जुन्या टायरमध्ये. आठवड्यातून एकदा ते पाणी ओता.

पाण्याचाही हिशेब करून पाहा. दहा फूट बाय पंधरा फूट म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास धरला, तर तेवढ्याशा जागेवर १४ हजार लिटर पाणी पडते. पंधरा लिटरच्या नऊशेवर बादल्या! माती असेल तर त्यातले बरेचसे जिरते, सिमेंट असेल तर ते उंबऱ्याकडे वळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा काय झाले हे आपण पाहिले. तो पूर सांदवाड्या बुजवल्यामुळे आला असे मी म्हणत नाही. पण शहराने पाण्याला जिरायला जागा ठेवली नाही, त्यात आपलाही दहा बाय पंधराचा वाटा आहे.

आमच्या वस्तीत धुणीभांडी करणारी एक बाई आहे. मुलाचे लग्न ठरले, खोली हवी झाली. मुलगा म्हणाला, मुनगा तोडू. ती म्हणाली, “बापू, तुझे बाबा गेले त्या वर्षी या झाडाच्या शेंगा विकून तुझी फी भरली. मी नाही तोडू देणार.” दोन दिवस मायलेकांत बोलणे नव्हते. शेवटी गवंड्यानेच तोड काढली. खोली पाच फूट कमी झाली, झाड राहिले, आणि मोरीचे पाणी धोप्याच्या वाफ्यात सोडले. आता धोप्याची पाने एवढी येतात की शेजारच्या चार घरी वड्या होतात. वाळका पाला ती जाळत नाही, खड्ड्यात टाकून वर माती लोटते. गोडनिंबाच्या रोपावर फुलपाखराच्या अळ्या असतात, त्यांना तिची सून हात लावत नाही. पाने खाऊ दे म्हणते, आपल्यालाही पुरतात.

या वर्षी मृगाच्या पावसानंतर तिने मुनग्याच्या मनगटाएवढ्या जाड, तीन-तीन हात लांब फांद्या कापून गल्लीत वाटल्या. तीनपैकी दोन जगल्या. तिसऱ्या घरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा देणार आहे.