रोमचे वार्तापत्र : इटालियनला इंग्रजीचा वळसा नको

इटालियन लिपीतला ‘झेड’ बहुतेक शब्दांत ‘त्स’ असा उच्चारला जातो. हा ‘चाक’, ‘चूक’ या शब्दांतला च. काही शब्दांत तोच ‘जवळ’, ‘जाळे’ यांतला ज होतो. आभार मानायला इटलीत ‘ग्रात्सिए’ म्हणतात. इंग्रजी वळणाची जीभ त्याचे ‘ग्राझी’ करते आणि शेवटचा स्वर गिळून टाकते. वर्ध्याच्या माणसाला हा शब्द पहिल्या दमात जमायला हवा, पण इटली आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आली. १९०७ साली सावरकरांनी ज्याचे आत्मचरित्र मराठीत आणले, तो आपला मॅझिनी इथे ‘मात्सीनी’ आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींकडे आलेल्या आणि त्यांच्याकडून ‘शांतिदास’ हे नाव मिळालेल्या इटालियन माणसाचे आडनावही लान्झा नव्हे, ‘लान्त्सा’ देल वास्तो.

त, द हे इटालियनमध्ये आपल्यासारखेच दंत्य आहेत. ट, ड, ण, ळ नाहीतच. म्हणून ‘सगळे’ या अर्थाचा शब्द ‘तुत्तो’ आहे, ‘टुट्टो’ म्हटले की कानाला खटकते. ‘सी’पुढे ए किंवा इ आला तर ‘चिमणी’तला च, एरवी क, मध्ये ‘एच’ घातला की पुन्हा क. मायकेलँजेलोला इथे ‘मिकेलांजेलो’ म्हणतात ते यामुळेच. ‘एच’ला स्वतःचा उच्चार नसतो. ‘जी-एन’ मिळून न्य होतो.

जोडाक्षराकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पाला’ म्हणजे फावडे, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. इंग्रजी भाषकाला हा फरक ऐकूच येत नाही. ‘पती’ आणि ‘पत्ती’ वेगळे म्हणणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर पडतो. तो शेवटच्या स्वरावर असेल तर त्या स्वरावर चिन्ह देतात, जसे ‘काफ्फे’ (कॉफी) किंवा ‘चित्ता’ (शहर).

व्याकरणात लिंगे दोनच, आणि विशेषण नामाबरोबर बदलते, आपल्या चांगला-चांगलीसारखेच. कर्ता गाळला तरी क्रियापदावरून कळतो. दमलेला पुरुष ‘सोनो स्तांको’ म्हणतो, बाई ‘सोनो स्तांका’. मराठीत ‘दमलो’ आणि ‘दमले’. ‘गेलो’ आणि ‘गेले’साठी ‘सोनो आंदातो’ आणि ‘सोनो आंदाता’. कर्माचे सर्वनाम आधी आले तर क्रियापदाचे रूप त्या कर्मावरही चालते. ‘ती खाल्ली’ म्हणजे ‘लो मांजाता’, ‘तो खाल्ला’ म्हणजे ‘लो मांजातो’. इंग्रजीतून शिकणारा इथे महिनोन्महिने अडतो. मराठी माणसाच्या तोंडी हे वळण जन्मापासून असते.

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘लेइ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘ती’. पुरुषालाही तेच, आणि क्रियापद तृतीयपुरुषी. आपल्या ‘आपण’ची जागा तो घेतो. मित्राला आणि मुलांना ‘तू’, तेही अगदी आपल्याच उच्चारात. ‘चाव’ हा शब्द या ‘तू’च्या वर्तुळातला; तो भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतो. त्याचे मूळ व्हेनिसच्या बोलीत, ‘आपला दास’ अशा अर्थाचे. दुकानात शिरताना मात्र ‘बुओनजोर्नो’ आणि संध्याकाळी ‘बुओनासेरा’ म्हणावे. कुणाच्या घरात पाऊल टाकताना ‘पेर्मेस्सो’ म्हणून परवानगी विचारतात. ‘प्रेगो’ तर दिवसभर कानी पडतो : आभाराला उत्तर, ‘या, बसा’ आणि ‘काय देऊ?’, सगळे त्यातच.

इथला ‘बार’ म्हणजे सकाळी कॉफी पिण्याची जागा. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, ती पुढे ठेवून उभ्यानेच कॉफी प्यायची. ‘उन काफ्फे’ म्हटले की लहान कपात कडक एस्प्रेसो येते. ‘लात्ते’ मागितले तर दूधच मिळते, कारण त्या शब्दाचा अर्थ दूध. ‘पेपेरोनी’ ही ढोबळी मिरची आहे, मांसाच्या चकत्या नव्हेत. ‘पानीनी’ हे अनेकवचन आहे. एक हवे असेल तर ‘पानीनो’.

वर्ध्यात कोणी ही भाषा शिकायला घेणार असेल, तर शब्द वहीत देवनागरीत लिहावेत, जोडाक्षरांसकट. ‘त्स’ला च लिहू नये, कारण देवनागरीत दोन्ही च एकच दिसतात. इंग्रजी पुस्तकांतल्या उच्चाराच्या सूचना बाजूला ठेवाव्यात. त्या इंग्रजी जिभेसाठी लिहिलेल्या आहेत.