शिसपेन्सिलीत शिसे नसते!

शिसपेन्सिल चघळल्याने शिशाची विषबाधा होईल का, असे पालक शिक्षकांना विचारतात. पेन्सिलीच्या काळ्या कांडीत शिसे नसतेच. असते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि चिकणमाती. मग हे नाव आले कुठून?

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे हे मऊ खनिज सापडले. त्याची रेघ शिशाच्या रेघेसारखीच, पण अधिक गडद उमटे. म्हणून इंग्रजीत त्याला ‘ब्लॅक लेड’ म्हणू लागले. दुसरे नाव ‘प्लंबॅगो’. त्यातही लॅटिन ‘प्लंबम’, म्हणजे शिसेच! वास्तविक शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर ग्रॅफाइटची जेमतेम २.२ पट. हे खनिज कार्बनचे आहे, असे शीले यांनी १७७९ मध्ये दाखवले. पुढे १७८९ मध्ये व्हेर्नर यांनी ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला ‘ग्रॅफाइट’ हे नाव दिले. शास्त्रज्ञांनी ते उचलले. पण पेन्सिलीची कांडी इंग्रजीत आजही ‘लेड’च आहे, आणि आपल्याकडे शिसपेन्सिल. शब्द रुळला आहे, तो बदलावा असा माझा आग्रह नाही.

पालकांना मात्र एक गोष्ट जरूर सांगावी. पूर्वी पेन्सिलींच्या बाहेरच्या रंगात शिशाची संयुगे वापरली जात, आणि मुले चघळतात तो भाग नेमका हाच.