सांग्रो नदीवरचा हाफ-बॅक

भिवंडीकराला बोल्टन समजावून सांगायला वेळ लागत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचं हे गाव सुतावर जगायचं. एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत कातणारं ‘म्यूल’ नावाचं यंत्र सॅम्युअल क्रॉम्प्टननं १७७९ मध्ये इथेच तयार केलं. त्यानंतर दीडशे वर्षं गावाचं सगळं सुखदुःख कापसाच्या भावावर ठरत राहिलं. १९३० च्या सुमाराला तिथल्या गिरण्यांना एकामागून एक टाळी लागू लागली. जपानी कापड स्वस्त पडत होतं, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या होत्या आणि भारतात विलायती कापडावर बहिष्कार होता. गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये मुद्दाम लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन या कामगारांना भेटले, ते त्यामुळेच. ज्यांच्या पोटावर आपल्या खादीनं पाय आला, त्यांनीच गांधीजींचं जोरदार स्वागत केलं, हे मला त्या सगळ्या परिषदेपेक्षा जास्त लक्षात राहिलेलं आहे.

अशा गावात करमणूक म्हणजे फुटबॉल. त्याचं कारण कायद्यात आहे. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळाली. त्यांच्याविना गिरणी चालत नसल्यानं पुरुषांचंही काम सुटलं आणि शनिवारी तीनचा सामना ही इंग्लंडची रीत पडली. बोल्टन वाँडरर्स हा क्लब १८७४ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक संघांपैकी तो एक. वेम्बली मैदानावरचा पहिला एफ. ए. कप, १९२३ चा, त्यांनीच जिंकला.

या संघात १९३० मध्ये हॅरी गॉस्लिन आला. जन्म ९ नोव्हेंबर १९०९ चा, डरहॅम परगण्यातल्या विलिंग्टनचा. तो वाढला नॉटिंगहॅममध्ये आणि तिथल्या ‘बूट्स’ या औषध कंपनीच्या संघातून खेळायचा. बोल्टननं त्याला अवघ्या २५ पौंडांत उचललं. तो हाफ-बॅक होता. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. हाफ-बॅक समोरच्याचा चेंडू काढून घेतो, आपल्या पुढच्याला देतो आणि पुन्हा मागे पळतो. १९३३ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, १९३५ मध्ये परत वर आला. गॉस्लिन मात्र हलला नाही. लीगचे तीनशेहून अधिक सामने तो बोल्टनकडूनच खेळला आणि १९३६ मध्ये कप्तान झाला. फुटबॉलपटूंच्या पगाराला तेव्हा वरची मर्यादा होती. हंगामात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. आजच्या खेळाडूंचे आकडे वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल.

८ एप्रिल १९३९. बर्न्डन पार्क या घरच्या मैदानावर संडरलंडशी सामना होता. तीन आठवड्यांपूर्वी हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. सामन्याआधी गॉस्लिन मायक्रोफोनसमोर उभा राहिला आणि प्रेक्षकांशी बोलला. संकट दुसरा कुणीतरी निस्तरेल असं धरून बसता येणार नाही, प्रत्येकानं काहीतरी करायला हवं, असा त्याचा सूर होता. थोड्याच दिवसांत तो आपल्या संघातल्या गड्यांना घेऊन राखीव सैन्याच्या भरती केंद्रावर गेला. ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करी शिक्षणाचा कायदा झाला तो मे महिन्यात. ही मंडळी त्याच्या आधीच वर्दीत होती.

फुटबॉलपटूंच्या मनात मागच्या युद्धाचा सल होता. १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावरही लीग चालूच राहिली, तेव्हा धट्टीकट्टी पोरं पैशासाठी चेंडू लाथाडतात म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना धारेवर धरलं. अखेर त्या डिसेंबरात खेळाडूंची वेगळी पलटण उभारावी लागली. गॉस्लिननं बोलणी खाण्याची वाटच पाहिली नाही. बोल्टनच्या ३५ खेळाडूंपैकी ३२ जण सैन्यात गेले. उरलेले तिघे कोळशाच्या खाणीत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. यातले बरेचसे एकाच तोफखान्यात दाखल झाले, बोल्टनच्याच ५३ व्या फील्ड रेजिमेंटमध्ये. सप्टेंबरमध्ये युद्ध जाहीर झालं, तीन सामन्यांनंतर लीग बंद पडली, करार रद्द झाले.

१९४० मध्ये फ्रान्स, तिथून डंकर्कची माघार. १९४२ मध्ये इजिप्त आणि अल अलामेन. पुढे इराक. फावल्या वेळात चेंडू असायचाच. इराकमध्ये हे तोफची पोलिश सैन्याच्या संघाशीही खेळले. इथून गोष्ट आपल्या घराजवळ येते, कारण ही रेजिमेंट जोडली गेली आठव्या भारतीय डिव्हिजनला. या डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. बेळगावच्या केंद्रात कवायत शिकून आलेली देशावरची आणि कोकणातली पोरं, आणि कापडाच्या धंद्यात कालपर्यंत आपल्याशी वैर असलेल्या गावचे फुटबॉलपटू, एका डिव्हिजनमध्ये सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टारांटो बंदरावर उतरले.

अशा डिव्हिजनमध्ये तोफखाना आणि पायदळ यांचं नातं फार जवळचं असतं. पंचवीस पौंडी तोफेचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर. तोफची मागे, टेकडीआड. गोळा कुठे पडतो ते त्याला दिसत नाही. म्हणून तोफखान्याचा एक अधिकारी पायदळाबरोबर पुढे जातो, आडोशाला बसून शत्रूवर नजर ठेवतो आणि टेलिफोन किंवा वायरलेसवरून कळवतो: दोनशे यार्ड उजवीकडे, शंभर अलीकडे. त्याचा अंदाज चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर. हाफ-बॅकचं काम जवळजवळ हेच. लेफ्टनंट गॉस्लिनकडे ते आलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

एड्रियाटिक किनाऱ्यावर ॲपेनाईन डोंगरातून उतरणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या येतात. बिफेर्नो, ट्रिन्यो, सांग्रो, मोरो. प्रत्येकीच्या पलीकडच्या काठावर जर्मन. नोव्हेंबरच्या पावसानं सांग्रोला पूर आला, बांधलेले पूल वाहून गेले. महिनाअखेरीस डिव्हिजननं पलीकडचं मोत्साग्रोन्या घेतलं, गमावलं, पुन्हा घेतलं. डिसेंबरच्या मध्यावर गॉस्लिन पुढच्या निरीक्षण चौकीत असताना एक गोळा झाडांच्या फांद्यांत फुटला. असा गोळा जमिनीवर फुटण्यापेक्षा वाईट, कारण तुकडे वरून बरसतात. त्याच्या पाठीत ते घुसले. १८ डिसेंबर १९४३ रोजी तो गेला. वय ३४.

त्याच्या आधी दोनच महिने, २३ ऑक्टोबरला, बोल्टनचा २२ वर्षांचा वॉल्टर साइडबॉटम गेला होता. तो नौदलात होता. ‘कॅरिब्डिस’ ही क्रूझर जर्मन टॉर्पिडोंनी इंग्लिश खाडीत बुडवली, चारशेहून अधिक नाविकांसह. त्याची कारकीर्द अजून बहरलीही नव्हती, म्हणून त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं घडलेलंच नाही.

गॉस्लिनचं दफन टोरिनो दी सांग्रो इथल्या युद्ध दफनभूमीत झालं. तिथे राष्ट्रकुल देशांच्या २,६१७ सैनिकांच्या कबरी आहेत. त्याच आवारात एक वेगळं स्मारक आहे, ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं. गॉस्लिनची जन्मतारीख, पगार, खेळलेले सामने सगळं सांगता येतं, कारण क्लबनं आणि गावानं ते जपलं. आपल्याकडची रीत निराळी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगावी शिळा बसवल्या; त्यांवर गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढंच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जण परतले नाहीत, हा आकडा अजूनही गावात अभिमानानं सांगतात. दुसऱ्या महायुद्धातली आपल्याला माहीत असतात ती व्हिक्टोरिया क्रॉसवाली नावं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी इटलीतच, २२ व्या वर्षी धारातीर्थी पडले. किंवा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ते जंगी पलटणीचेच. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यापलीकडे पोचवलं, मग शत्रूच्या मशीनगन एकट्यानं बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली. त्यांच्या आसपास लढलेल्या बाकीच्यांनी घरी असताना कुस्ती केली, हुतूतू खेळला की भजनात टाळ धरला, ते टिपून ठेवणारा क्लब त्यांच्या गावात नव्हता.

५३ व्या रेजिमेंटमधले बहुतेक खेळाडू परतले. गोलकीपर स्टॅन हॅन्सन आणि फॉरवर्ड डॉन होव पुन्हा बर्न्डन पार्कवर उतरले. हॅन्सन तर १९५३ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात, वयाच्या ३७ व्या वर्षी, बोल्टनच्या गोलमध्ये उभा होता. बोल्टन ३-१ नं पुढे होतं. ब्लॅकपूलनं शेवटच्या काही मिनिटांत तो सामना ४-३ नं जिंकला, आणि इंग्लंडमध्ये आजही तो हरलेल्यांच्या नव्हे, ब्लॅकपूलच्या स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावानं ओळखला जातो.