गवती चहा

जुलै महिना असतो. माथेरानचा डोंगर ढगांत बुडालेला असतो. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या भागात पाऊस थांबायचे नाव घेत नाही. तुम्ही शाळेतून भिजून घरी येता. आधण ठेवता ठेवता आई सांगते, "जा, परसातून चार पाती आण." ही पाती गवती चहाची! काही घरांत त्याला 'हरी चाय' म्हणतात.

नावात चहा असला, तरी चहाच्या झुडपाशी त्याचे काही नाते नाही. तो गवताच्या कुळातला आहे. भात, ऊस आणि बांबू हे त्याचे भाऊबंद. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात भाताच्या 'कर्जत' नावाच्या अनेक जाती तयार झाल्या. तो भातही याच कुळातला.

याचे पान चुरगळून पाहा. लिंबासारखा वास येतो. हा वास 'सिट्राल' नावाच्या द्रव्याचा असतो. लिंबाच्या सालीतही ते असते. गवती चहाचे तेल साबणात आणि अत्तरात वापरतात.

चार कप पाण्यात तीन-चार पाती आणि आल्याचा तुकडा घालून पाच मिनिटे उकळा. मग साखर व चहापूड घाला. दूध शेवटी घाला. दूर थायलंडमध्ये याचे पांढरे देठ माशांच्या आणि कोळंबीच्या रश्शात घालतात.

सर्दी झाली, घसा दुखू लागला, की घरोघरी याचा काढा देतात. गरम काढ्याने घशाला आराम पडतो आणि नाक मोकळे होते. घाम आला की अंग हलके वाटते.

पण मित्रांनो, इथेच सावध राहा. अंग हलके झाले म्हणजे रोग गेला असे नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायावर जखम असेल, तर लावणी करताना ते शरीरात शिरतात. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे ही त्याची लक्षणे. वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकते. म्हणून ताप आला की काढ्यावर दिवस घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगा. काढा सोबतीला असू द्या, औषधाच्या जागी नको.

गवती चहा लावणे सोपे आहे. जुन्या ठोंबातून मुळांसकट एक फुटवा काढा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. पानांच्या कडा धारदार असतात; म्हणून ती ओढू नका, विळ्याने कापा. तणनाशक फवारलेल्या बांधावरची पाने घेऊ नका.

शब्दार्थ
आधण – उकळण्यासाठी ठेवलेले पाणी
परस – घरामागची मोकळी जागा
भाऊबंद – एकाच कुळातले
ठोंब – मुळांसह असलेला झुबका

स्वाध्याय
१. गवती चहाचे भाऊबंद कोणते?
२. ताप आल्यावर केवळ काढ्यावर का राहू नये?
३. तुमच्या घरी वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीविषयी पाच वाक्ये लिहा.