पालिका रुग्णालयातली देणगी कुठे जाते?

‘सरकार पैसे देतंच, मग देणगी कशाला?’ असं काही जण विचारतात. काहींना उलट वाटतं की ही रुग्णालयं देणग्यांवरच चालतात. दोन्ही समज अपुरे आहेत.

मुंबईत केईएमसारखी रुग्णालयं महापालिकेच्या अर्थसंकल्पातून चालतात. पगार, खाटा, वीज, नेहमीची औषधं हा सगळा खर्च करदात्यांचा. पण एखाद्या रुग्णाला साठ्यात नसलेलं औषध, कृत्रिम सांधा किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) लागतो. तो खर्च कोणत्याही सरकारी योजनेत बसला नाही, की ती वस्तू बाहेरून आणायची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात येते. तिथे उपयोगी पडतो पुअर बॉक्स चॅरिटी फंड (गरीब रुग्णांसाठी वेगळा ठेवलेला देणगी निधी). नातेवाईक रेशनकार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन समाजसेवा विभागाच्या खिडकीशी उभा राहतो. तिथले कर्मचारी घरची परिस्थिती विचारून मदतीची सोय बघतात.

पालिकेच्या शाळेचं उदाहरण घ्या. शिक्षक आणि इमारत पालिकेची. फळा न दिसणाऱ्या मुलाला शेजारच्या काकांनी चष्मा करून दिला. म्हणून शाळा काही काकांची होत नाही, आणि शिक्षकाचा पगार देण्यातून पालिकाही सुटत नाही. नेमका हा दुसरा भाग आपण विसरतो. रुग्णालयातला औषधांचा साठाच वारंवार संपत असेल, तर त्याचा जाब पालिकेलाच विचारायला हवा.

देणगी द्यायची असेल तर वॉर्डात कुणाच्या हातात रोकड देऊ नका. समाजसेवा विभागात जा, निधीच्या नावाने रक्कम भरा आणि पावती घ्या.